धुळीनं-धुरानं छाती गेली, डिसॅबिलिटी पेन्शनचं काय? माजी सैनिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी आमच्या ओट्यावर चार-पाच जण तरी कागदाच्या पिशव्या घेऊन येतात, कुणी रेणापूरहून कुणी केजहून, एकदा तर हिंगोलीकडून एक मेजर (आमच्याकडं प्रत्येक माजी फौजीला मेजरच म्हणतात) मुक्कामाच्या गाडीनं आले होते. मी वकील नाही, डॉक्टर पण नाही. लष्कराच्या इंजिनिअर्समधून हवालदार म्हणून निघालो आणि स्वतःची केस लढता लढता डिसॅबिलिटी पेन्शनचे, म्हणजे नोकरीतल्या जखमेच्या किंवा आजाराच्या पेन्शनचे, नियम शिकलो. प्रश्न बहुतेक तेच ते असतात म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतोय, वाचा आणि आपल्या गावातल्या ज्या मेजरला दम लागतो त्याला वाचून दाखवा.

गोळी लागली, पाय गेला तर पेन्शन मिळते हे माहीत आहे, पण छातीच्या आजाराला मिळते का?

मिळते. नियमात जखम आणि आजार असा भेद करून आजाराला बाहेर ठेवलेलं नाही. १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनमधला १७३ नंबरचा नियम बघा, त्यात दोनच गोष्टी विचारल्यात, आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीमुळं वाढला का, आणि तो २० टक्के किंवा जास्त आहे का. बास. आता अडचण कुठं येते तर पाय गेलेला दिसतो, छाती गेलेली दिसत नाही. माणूस खुर्चीत बसलेला असला की धडधाकट वाटतो, त्याला गोठ्यापर्यंत चालायला सांगा मग कळतं. आमच्या शेजारच्या गावचे एक नायक आहेत, वय पन्नाशीच्या आसपास, घरापासून गोठा साठ-सत्तर पावलांवर असेल, तेवढ्यात तीनदा थांबतात, आणि थांबलेले कळू नये म्हणून चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकतात. बायकोला सगळं माहीत आहे. ती काही बोलत नाही, निस्ती मागून पाण्याचा तांब्या घेऊन जाते.

नेमकी कोणती धूळ, कोणता धूर? मी तर साधी ड्युटी केली.

साधी ड्युटी म्हणता म्हणता काय काय केलंय ते आठवा. बर्फात बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे शेकायची शेगडी, जळायची का? सियाचीनवर १९८४ पासून आपली माणसं बसलेली आहेत, लडाखला आहेत, काश्मीरला आहेत, आणि जिथं थंडी तिथं बुखारी आलीच. हवा आत येऊ नये म्हणून दार बंद, रात्रभर तोच धूर, सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा आणि थुंकी पण काळी, हे ज्यानं काढलंय त्याला सांगायची गरज नाही.

त्याशिवाय रणगाड्यात असाल तर डिझेलचा धूर आणि तोफ डागल्यावर आत कोंडणारा वायू. राजस्थानच्या रेंजवर वाळू. आमच्यासारखे सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान, असतील तर डोंगराला ड्रिल मारणं, ब्लास्टिंग, खडी, म्हणजे सिलिकाची धूळ. वर्कशॉपला असाल तर वेल्डिंग आणि स्प्रे पेंट. नेव्हीत जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. स्मोक ग्रेनेड आणि स्मोक कँडल तर कुणी मोजतच नाही, पण हेक्साक्लोरोइथेनवाल्या स्मोकमधून झिंक क्लोराईड निघतं आणि ते बंद जागेत छातीत गेलं तर फुप्फुसाला जबर इजा होते, हे वैद्यकशास्त्रात पक्कं आहे. फायर फायटिंगची ड्युटी केली असेल तर ती पण लिहा.

नुसतं 'धूळ होती' म्हणू नका. कोणतं युनिट, कोणतं ठिकाण, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, रोज किती तास, तोंडाला काय बांधायला दिलं होतं, असं लिहायचं. माझ्या वेळी आम्ही ओला रुमाल बांधायचो. तेच मी अर्जात लिहिलं.

कोणते आजार धरले जातात, आणि तपासणी कोणती करायची?

सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसणं), क्रॉनिक ब्राँकायटिस, दमा, ब्राँकिएक्टेसिस, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीचा आजार), ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुस कडक होत जाणारे आयएलडी-फायब्रोसिसचे प्रकार, टीबी आणि त्याच्या मागं राहिलेलं नुकसान. १९८२ च्या एंटायटलमेंट रूल्सच्या, म्हणजे पेन्शनचा हक्क ठरवायच्या नियमांच्या, जोडपत्रात तर हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांत टीबी, ब्राँकायटिस, प्लुरसी, ब्राँकिएक्टेसिस ही नावं छापलेलीच आहेत, त्यामुळं 'हे यादीत नाही' असं कुणी म्हणालं तर यादी मागा.

तपासणीत नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. सीओपीडी सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही. पीएफटी करा, म्हणजे नळीत जोरात फुंकायची ती टेस्ट. औषधाचा पंप (इनहेलर) दिल्यानंतरची फुंक मोजतात आणि पहिल्या सेकंदातली हवा भागिले पूर्ण हवा हे ०.७० च्या खाली आलं की नळ्या आकसलेल्या आहेत असं धरतात. पंप दिल्यावर आकडा बराच सुधारला तर दम्याकडं कल जातो. आयएलडी किंवा सिलिकोसिसचा संशय असेल तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, लागतो आणि जमलं तर डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून हवा रक्तात किती उतरते ती टेस्ट. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून रेफर करून घ्या, नसेल तर संभाजीनगरला घाटी सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला दाखवा. आणि रिपोर्टची फक्त शेवटची ओळ नको, तो आलेख असलेला पूर्ण कागद घ्या, कारण पेन्शन ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डावरचा डॉक्टर आलेख बघतो.

गावाकडं डॉक्टरनं टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या, दम तसाच आहे.

हे फार जणांचं होतं. सिलिकोसिसचे डाग एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीचे पण बहुतेकदा तिथंच, म्हणून गल्लत होते. वरून सिलिका छातीत असेल तर टीबी होण्याचा धोका खरोखरच वाढतो, म्हणजे दोन्ही एकदम पण असू शकतात. गोळ्या मधेच सोडू नका, पण थुंकीची तपासणी झाली होती का ते विचारा, आणि डॉक्टरला स्वतः होऊन सांगा की मी इतकी वर्षं खडी-ब्लास्टिंगचं काम केलंय. आपण सांगितलं नाही तर त्याला कळणार कसं, तो तर समोर शेतकरी बसलाय असंच समजतो.

ॲट्रिब्युटेबल आणि ॲग्रॅव्हेटेड यात फरक काय?

पहिलं म्हणजे आजार नोकरीमुळंच सुरू झाला. दुसरं म्हणजे आजाराचं मूळ दुसरं असेल, पण नोकरीच्या परिस्थितीनं तो वाढवला. पेन्शनला दोन्हीपैकी एक पुरतं. लोक पहिल्यासाठीच भांडत बसतात आणि दुसरं मागायचं विसरतात, अर्जात दोन्ही लिहा. दम्याची केस तर बऱ्याचदा ॲग्रॅव्हेशनवरच उभी राहते, कारण दमा मुळात कशानं झाला हे सिद्ध करणं अवघड, पण दमा असलेल्या माणसाला बुखारीच्या धुरात आणि उंचीवर ठेवल्यानं तो वाढला हे सांगणं सोपं.

मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय, रिलीज मेडिकल बोर्डात काय बोलू?

रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे नोकरीतून निघताना होणारी वैद्यकीय तपासणी. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि माझ्याकडं येणारे दहातले आठ जण बोर्ड होऊन गेल्यावर येतात.

माझंच सांगतो. एका मिलिटरी हॉस्पिटलात माझा बोर्ड होता. बाहेर बाकावर आम्ही पंधरा-वीस जण, सगळ्यांना घरी जायची घाई, माझं तर रिझर्व्हेशन पण झालेलं. आत गेलो, डॉक्टर साहेबांनी मान खाली घालून फॉर्म भरत भरत विचारलं, कोई तकलीफ? आणि मी सवयीनं सावधान होऊन म्हणालो, नहीं सर, ठीक है. तेव्हा मला तीन वर्षांपासून खोकला होता, रात्री उशी दुहेरी घ्यावी लागायची. बावीस वर्षं 'ठीक है सर' म्हणायची सवय, ती त्या दिवशी पण तोंडातून निघाली. नंतरची पाच वर्षं मी ती दोन शब्दं पुसण्यात घालवली. अपिलात प्रत्येक वेळी मला तोच कागद दाखवायचे की तुम्हीच तर काही त्रास नाही म्हणालात.

म्हणून भावांनो, बोर्डाच्या आधी किमान सहा महिने, त्याच्या पण आधी जमलं तर फारच छान, एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन खोकल्याची, दमाची नोंद करून घ्या. गोळी घेऊन येऊ नका, नोंद करून घ्या. स्पेशालिस्टकडं रेफर करा म्हणून विनंती करा, पीएफटी सर्व्हिसमध्ये असतानाच होऊ द्या. लो मेडिकल कॅटेगरी लागेल, प्रमोशन अडेल, म्हणून आपण लपवतो हे मला माहीत आहे, मी पण लपवलं. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा शेरा, टिकवायसाठी माणूस खोकला गिळतो. पण निघायच्या वेळी तोच शेप-वन तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

बोर्डाचा फॉर्म असतो एएफएमएसएफ-१६. त्यात तुमचं स्वतःचं स्टेटमेंट असतं, कुठं कुठं नोकरी केली, आजार कधी सुरू झाला. ते दुसऱ्याला भरायला देऊ नका. घरून एका कागदावर पोस्टिंगची यादी करून न्या आणि त्यावरून उतरवा. सही करायच्या आधी वाचा, इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, आणि एक प्रत मागा.

बोर्डानं 'नोकरीशी संबंध नाही' लिहिलं, कारण दिलं 'कॉन्स्टिट्यूशनल' किंवा 'पीस स्टेशनला सुरू झाला'. संपलं का?

नाही संपलं. खरी लढाई इथून सुरू होते आणि कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूनं आहे. सुप्रीम कोर्टानं २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी तुमच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर तुम्ही तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, नंतर आजारामुळं बाहेर पडावं लागलं तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. बोर्डानं नुसतं 'संबंध नाही' लिहून चालत नाही, कारण लिहावं लागतं. 'कॉन्स्टिट्यूशनल' हा एक शब्द म्हणजे कारण झालं का, तुम्हीच सांगा. भरतीला सोळाशे मीटर पळून, छाती फुगवून दाखवून आलेलं पोरगं वीस वर्षांनी जिना चढू शकत नाही आणि तुम्ही म्हणता त्याची घडणच तशी होती.

पीस स्टेशनचं, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणच्या पोस्टिंगचं, पण तसंच. छातीचा आजार धूर घेतला त्या दिवशी सुरू होत नाही, वर्षानुवर्षं साचत जातो, मग खोकला बंगलोरला सुरू झाला म्हणून तो बंगलोरचा कसा? अपिलात आधीची फील्ड पोस्टिंग तारखेसकट मांडा.

एक मात्र लक्षात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३ पासून एंटायटलमेंटचे नवे नियम लागू झालेत. जे त्या आधी निघाले त्यांची केस जुन्या नियमांवर चालते. नंतर निघालेल्यांनी नवे नियम हातात घेऊनच अर्ज लिहावा, त्यात पूर्ण नोकरी करून निघणाऱ्याच्या डिसॅबिलिटीच्या पैशाला इम्पेअरमेंट रिलीफ असं वेगळं नाव आलंय. जुन्या माणसाचा अर्ज बघून नव्यानं कॉपी करू नये.

मी बिडी ओढायचो. खरं सांगू का लपवू?

खरं सांगा. नियमात तंबाखू-दारूच्या अतिरेकानं झालेल्या आजाराला भरपाई नाही असं आहेच आणि बोर्ड सीओपीडी म्हटलं की पहिले हाच प्रश्न विचारतो. पण बिडी ओढली म्हणजे धुळीचा परिणाम शून्य झाला असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही, उलट दोन्ही मिळून जास्त नुकसान होतं. किती ओढायचो, किती वर्षं, कधी सोडली, ते आकड्यात लिहा. 'दिवसाला चार, २००९ ला सोडली' असं लिहिलेलं असलं की बोर्डाला 'हेवी स्मोकर' असं मोघम लिहिता येत नाही. लपवलं आणि जुन्या केसपेपरवर सापडलं तर बाकी खरं पण खोटं धरतात. आणि अजून ओढत असाल तर आजच सोडा, पेन्शनसाठी नाही, छातीसाठी.

रिटायर झाल्यावर मी कारखान्यावर सिक्युरिटीला होतो, त्याचं काही होईल का?

होऊ शकतं. आपल्या मराठवाड्यात फौजी निघाला की साखर कारखान्यावर नाहीतर जिनिंगवर गेटला लागतो. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ आणि कापसाची धूळ या दोन्हीनं छातीचे वेगळे आजार होतात, त्यामुळं समोरचा म्हणणार की आजार तिथला आहे. त्यासाठी तारखा लागतात. खोकल्याचा पहिला केसपेपर कारखान्यात लागायच्या आधीचा असेल तर तो सोन्यासारखा जपा. गेटवर होतात की बगॅस यार्डात होतात, ते पण लिहून घ्या, कारखान्याकडून ड्युटीचं पत्र मिळतं.

पैसे किती मिळतात?

सोपं करून सांगतो. पंधरा वर्षं पूर्ण करून निघाला असाल तर सर्व्हिस पेन्शन आहेच, त्यावर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे आजाराचा भाग, वेगळा. आजारामुळं मधेच काढलं असेल, म्हणजे इनव्हॅलिड आउट, तर पंधरा वर्षं झालेली नसली तरी सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट दोन्ही मिळतात.

१०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, कमी असली तर त्या प्रमाणात. म्हणजे शेवटचा पगार, बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून, ४०,००० असेल आणि डिसॅबिलिटी ३० टक्के ठरली तर ३,६०० रुपये. पण इथं ब्रॉड बँडिंग येतं. ५० च्या खाली असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ किंवा त्याच्या वर १००. मग त्याच माणसाला ३,६०० ऐवजी ६,००० बसतात आणि वर महागाई. आधी हे फक्त इनव्हॅलिड आउट झालेल्यांना देत होते, १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं पूर्ण नोकरी करून निघालेल्यांना पण लागू झालं. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघा, त्यावर २० किंवा ३० टक्केच लिहिलंय का? असेल तर तुमचं ब्रॉड बँडिंग राहिलंय. हे अजून पण सापडतात, गेल्या उन्हाळ्यात परभणीकडच्या एका मेजरच्या पीपीओवर सापडलं, बिचाऱ्याला दहा वर्षं माहीतच नव्हतं.

आणि इनव्हॅलिड आउट केलं पण टक्केवारी २० च्या खाली दाखवली असेल तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल बघा. ज्या आजारानं माणूस नोकरीलायक राहिला नाही असं तुम्हीच म्हणता, तो २० टक्क्यांच्या आत कसा, असं त्यात सरळ आहे.

निघून पाच वर्षं झाली, आत्ता कुठं दम लागायला लागला. उशीर झाला का?

छातीचे आजार उशिराच दिसतात, सिलिकोसिस तर धूळ बंद झाल्यावर पण वाढत राहतो. १९८२ च्या नियमांत पोस्ट डिस्चार्ज क्लेम आहे, निघाल्यापासून ७ वर्षांच्या आत आजार दिसला आणि त्याची सुरुवात नोकरीतल्या परिस्थितीनं झाली असं वैद्यकीय मत मिळालं तर तो धरता येतो. म्हणून पाचव्या वर्षी दम लागला तर 'बघू पावसाळा झाल्यावर' म्हणू नका, लगेच तपासणी आणि रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पत्र.

डिसॅबिलिटी आधीच मंजूर आहे पण आजार वाढला असेल तर रीअसेसमेंट बोर्ड मागता येतो. पर्मनंट ठरलेली टक्केवारी सरकार स्वतःहून परत तपासत नाही, आपण मागितलं तरच. पीएफटीचा आकडा खरंच घसरला असेल तरच मागा.

माझ्याकडं कागदच नाहीत, डिस्चार्ज बुक तेवढं आहे.

डिस्चार्ज बुक पुरतं सुरुवातीला. त्यावरून आर्मी नंबर घेऊन आपल्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, आम्हा सॅपर लोकांचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्डचं नगरला. काय मागायचं? रिलीज किंवा इनव्हॅलिडेशन बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळची मेडिकल, हॉस्पिटल ॲडमिशनची नोंद, आणि पोस्टिंगचा तपशील. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्या, तिथले लोक अर्ज लिहायला पण मदत करतात.

सोबतचे लोक पण कागदच असतात. ज्याच्यासोबत त्या बंकरमध्ये होतात तो सातारचा असो की बिहारचा, त्याला फोन करा, त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. मी माझ्या केसला दोन जोडीदारांची लावली, एकानं तर आम्ही कोणत्या साली कोणत्या डोंगराला ड्रिल मारत होतो ते तारखेसकट लिहून दिलं, त्याच्या डायरीत होतं.

अपील कुठं करायचं?

नामंजुरीचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, ते फेटाळलं तर परत सहा महिन्यांत दुसरं अपील. त्या नंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्याच्या केसेसचं कोर्ट. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी ट्रिब्युनलला जाता येतं. आपल्याला मुंबईची बेंच लागते, म्हणजे रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं. दर तारखेला स्वतः जायची गरज नसते, वकील असतो, आणि वकील न लावता स्वतः मांडायची पण कायद्यात मुभा आहे. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलाचा अर्ज करा, सैनिक कुटुंबांसाठी नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २०२५ ची वीर परिवार सहाय्यता योजना आहे, तिचं नाव घ्या.

थकबाकी सगळी मिळते का? उशिरा केस टाकली असेल तर साधारण केस टाकल्याच्या मागची तीन वर्षं, २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळं. म्हणून 'आज ना उद्या करू' म्हणत घालवलेलं प्रत्येक वर्ष मागच्या बाजूनं कापलं जातं.

सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग सर्टिफिकेट काढू का?

बरेच जण सिव्हिलच्या रांगेत दोन दोन दिवस घालवतात म्हणून सांगतो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि फुप्फुसाचा आजार त्यात वेगळा प्रकार म्हणून नाही. लष्कराची डिसॅबिलिटी आणि युडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग कार्ड, ही दोन वेगळी दुनिया आहे. एकाचा नकार दुसऱ्याला लागू होत नाही.

ऑक्सिजन मशीन, पंप याचा खर्च?

ईसीएचएस. पंप पॉलिक्लिनिकमधून मिळतात, घरी ठेवायचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा बायपॅप (श्वासाला जोर देणारं मशीन) स्पेशालिस्टनं लिहून दिलं तर मिळायची सोय आहे, पण आधी मंजुरी घ्या आणि मग विकत घ्या, उलटं केलं की बिल अडकतं. आपल्याकडं लोडशेडिंग असते तर इन्व्हर्टरचा विचार आधीच करा, मशीन लाईटवर चालतं.

अमेरिकेच्या सैनिकांचा व्हिडिओ फिरतोय, कचरा जाळल्याच्या धुराची पेन्शन म्हणे, आपल्याला लागू आहे का?

नाही, तो त्यांचा कायदा, पॅक्ट ॲक्ट, १० ऑगस्ट २०२२ ला सही झालेला. इराक-अफगाणिस्तानला त्यांच्या तळांवर खड्ड्यात कचरा, प्लास्टिक, इंधन सगळं जाळायचे. आता ठरलेल्या ठिकाणी आणि काळात जो होता त्याला नंतर दमा, सीओपीडी, क्रॉनिक ब्राँकायटिस, फायब्रोसिस, सारकॉइडोसिस असलं काही झालं तर धुरामुळंच झालं असं धरून चालतात, त्याला धूर सिद्ध करावा लागत नाही. कुणाचं लेकरू अमेरिकेच्या सैन्यात असेल तर त्यानं तिथल्या व्हेटरन्स खात्याकडं अर्ज करावा. आपल्यासाठी यातून घ्यायचं एवढंच की धुरानं हे आजार होतात हे एका देशानं कायद्यात लिहिलंय. अपिलात एखाद्या ओळीत मांडायला हरकत नाही, पण त्याच्यावर केस उभी करू नका.

मी सीआरपीएफ/बीएसएफचा आहे.

तुमचे नियम वेगळे, सिव्हिल नोकरांचे एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शन रूल्स, आणि ट्रिब्युनल नाही तर हायकोर्ट, म्हणजे आपल्याला संभाजीनगर खंडपीठ. कागद गोळा करायची पद्धत तीच.

टॅक्स लागतो का?

इनव्हॅलिड आउट झालेल्याला डिसॅबिलिटी पेन्शनवर नाही. पूर्ण नोकरी करून निघालेल्याला २४ जून २०१९ च्या सर्क्युलरनं सूट नाकारलीय, त्यानं सीएला विचारूनच रिटर्न भरावं.

मालक त्याच आजारानं वारले. आता मला काय करता येईल?

वहिनी, ताई, तुमच्यासाठी हे नीट लिहितो. मृत्यू नोकरीशी जोडलेल्या आजारानं झाला असं ठरलं तर साध्या फॅमिली पेन्शनऐवजी स्पेशल फॅमिली पेन्शन बसते, साधी शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि स्पेशल ६० टक्के, म्हणजे दुप्पट. सगळं अवलंबून असतं मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर, हॉस्पिटलात फॉर्म ४ आणि घरी गेले तर ४ए. त्यावर डॉक्टर घाईत 'हृदय बंद पडून' लिहून मोकळे होतात. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं, ते कशामुळं पडलं ते खाली लिहायला जागा असते. माणूस दहा वर्षं सीओपीडीनं आजारी असेल तर ते तिथं यायला पाहिजे. त्या दिवशी घरात रडारड असते, कुणाला सुचत नाही, म्हणून दीर, भाऊ, गावातला कुणी मेजर यानं हे बघावं. तसंच मालकांचे पंप, औषधाच्या चिठ्ठ्या, ॲडमिशनचे कागद टाकून देऊ नका. एक माऊली सगळं गोधडीखाली ठेवलेलं घेऊन आली होती, तारखेप्रमाणं लावून, शिकलेली नव्हती तरी. तिची केस मला सगळ्यात सोपी गेली. मालकांनी जिवंतपणी केस टाकली असेल तर ती त्यांच्यासोबत संपत नाही, वारस म्हणून तुम्ही पुढं चालवू शकता.

एजंट म्हणतो तीस टक्के दे, सगळं करून देतो.

देऊ नका. अपिलाला अर्ज आणि टपालखर्च लागतो, तीस टक्के नाही. आणि स्पर्शचा (पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा) पासवर्ड, ओटीपी, कोऱ्या कागदावर सही, यातलं काही कुणालाच द्यायचं नाही, मला पण नाही.

तुमच्याकडं यायचं तर काय आणू?

डिस्चार्ज बुक, पीपीओ, बोर्डाचा कागद असेल तर तो, नामंजुरीचं पत्र पाकिटासकट कारण पाकिटावरच्या तारखेवरून सहा महिने मोजतात, आणि छातीचे सगळे जुने-नवे रिपोर्ट. एका वहीत पोस्टिंगची यादी करून आणा, चुकली तर चुकली, आपण बसून दुरुस्त करू. रविवारी सकाळी दहाच्या पुढं या. पेशंटला सोबत आणलं तर गाडी थेट दारापर्यंत येते, पायऱ्या चढवू नका, मीच खाली येतो.